होडी गळतेय? मग आधी आतनं पाणी भरा

वाचकांचे प्रश्न : गराज आणि हत्यारं

मार्च संपत आला की इकडे मिनेसोटात तलावांवरचा बर्फ सुटायच्या आधी फेसबुक मार्केटप्लेसवर जुन्या होड्या सुटतात. १४ फुटी, १६ फुटी, साठ-सत्तरच्या दशकातल्या, लुंड, अ‍ॅल्युमाक्राफ्ट, क्रेस्टलाइनर, स्टारक्राफ्ट, कुणाच्या तरी आजोबांच्या शेडमागे उलट्या घालून ठेवलेल्या. वॉलाय माशाच्या मासेमारीचा सीझन मे महिन्यात उघडतो त्यामुळे घेणाऱ्यालाही घाई असतेच. यंदा आपल्या मंडळींनी बऱ्याच घेतलेल्या दिसतायत कारण पत्रं सगळी याच विषयावर आलीयत, म्हणून हे सदर यावेळी पूर्ण होडीला दिलंय, स्नो ब्लोअरवाल्यांनी रागावू नये, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे खालच्या उत्तरांत मी सारखा तेच तेच का बोलतोय ते कळेल. या होड्यांचा पत्रा सहसा बिघडत नाही. बिघडतं लाकूड, बिघडतो फोम, आणि सगळ्यात जास्त नुकसान करते ती मागच्या मालकाने हौसेने केलेली दुरुस्ती. त्यामुळे निम्मं काम हे नवीन काही लावायचं नसून जुनं काढायचं असतं.

प्रश्न : दादा, १९७० च्या आसपासची १४ फुटी रिवेटवाली होडी घेतली. विकणारा म्हणाला जरा पाणी येतं, पण तलावात घातली तर तासाभरात घोटाभर पाणी. आतून सगळ्या रिवेटवर सिलिकॉन मारून टाकू का? की तो स्प्रेवाला रबरी सीलर बरा? (ब्लूमिंग्टन, मिनेसोटा)

उत्तर : सिलिकॉन नको, प्लीज नको. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर नंतर ना धड सीलर बसत ना रंग, आणि रिवेट ढिला होता तो ढिलाच राहतो, फक्त आता तो दिसत नाही. गळती नेमकी कुठनं आहे हे माहीत नसताना सगळीकडे काहीतरी थापलं की पुढच्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीतले "मागचे मालक" तुम्हीच.

उलटं करा. होडी ट्रेलरवर ठेवा, खाली कण्याला दोन-तीन ठिकाणी लाकडाचे ठोकळे द्या, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचला आणि मागच्या भागात बागेच्या पाइपने चारेक इंच पाणी भरा. काठोकाठ भरायचं नाही, एका गॅलनला ८ पाउंडांच्या वर वजन होतं आणि होडीचा तळ हा बाहेरून पाण्याने उचलून धरलेला असतो, आत पाणी भरून ट्रेलरच्या दोन पट्ट्यांवर टांगायला तो बनवलेला नाही, वाकतो. मागचा भाग तपासून झाला की पाणी सोडून द्या, नाळ खाली करा आणि पुढचा भाग भरा.

आता बाहेरचा तळ फडक्याने खडखडीत कोरडा पुसा आणि सरळ खाली आडवे व्हा. पाच-दहा मिनिटांत थेंब यायला लागतात. पण जिथे थेंब लोंबतो तिथेच भोक असेल असं नाही, पाणी वरच्या एखाद्या रिवेटमधून निघतं आणि शिवणीच्या कडेने घरंगळत कण्यापाशी येऊन टपकतं, म्हणून बोटाने ओलीच्या मागावर वर वर जायचं, पुसायचं, परत बघायचं. टपकणाऱ्या रिवेटला मार्करने गोल करा, नुसता पाझरत असेल तर टिंब, शिवण गळत असेल तर रेघ ओढा. साधी पेन्सिल वापरू नका, ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमला खातं, विमानांची कामं करणारेसुद्धा पत्र्यावर पेन्सिल लावत नाहीत.

होडी वाळली की टिंबवाले रिवेट परत ठोकून घट्ट होतात बऱ्याचदा. दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून रिवेटच्या डोक्यावर जड घणाचं तोंड घट्ट दाबून धरायचं, दुसऱ्याने आतल्या शेपटीवर हातोडीने मोजके, सरळ ठोके द्यायचे. दणादण नाही, फार ठोकलं की भोवतालचा पत्रा पातळ होऊन ताणला जातो आणि शेजारचा रिवेट ढिला पडतो, मग त्याला ठोका, मग त्याच्या शेजारच्याला, असं करत माणसं संध्याकाळपर्यंत होडीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असतात.

गोलवाले मात्र बदला. डोक्याच्या मधोमध पंचने खूण, रिवेटच्या दांड्यापेक्षा जरा बारीक ड्रिलने फक्त डोक्यापुरतं भोक, मग डोकं उडवायचं आणि उरलेला तुकडा पंचने आत ठोकून काढायचा. नवीन सॉलिड रिवेट घेताना लांबी अशी बघा की आत बाहेर आलेला भाग जाडीच्या साधारण दीडपट राहील, म्हणजे ३/१६ इंची रिवेट असेल तर पाव इंचाच्या किंचित वर. ठोकून झाल्यावर शेपटीची बशी जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्म्या जाडीएवढी उंच झाली की थांबायचं. भोक लांबट झालं असेल तर एक साइझ मोठा घ्या.

जिथे बाकाखाली हात पोचत नाही तिथे पॉप रिवेट, म्हणजे एकाच बाजूने बसवता येणारा, चालतो, पण हार्डवेअरच्या दुकानातल्या डबीतला नाही. तो मधून पोकळ असतो, म्हणजे तुम्ही गळती बंद करायला भोकात दुसरं भोक बसवताय, वर त्यात लोखंडी खिळ्याचा तुकडा अडकून राहतो तो गंजतो ते वेगळंच. बंद तोंडाचा, ज्याला क्लोज्ड-एंड म्हणतात तो अ‍ॅल्युमिनियमचा मागवा, आणि बसवताना थ्रीएम ५२०० सारख्या पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून बसवा. ५२०० ला पूर्ण सुकायला आठवडाभर द्या, दुसऱ्या दिवशी पाण्यात घालू नका, आणि जे परत कधी खोलावं लागेल तिथे ते अजिबात लावू नका, निघत नाही.

एवढं झाल्यावर परत पाणी भरून बघा. त्यानंतर जो काही बारीक पाझर उरेल त्याला आतून शिवणींवर ग्लुविटसारखं दोन भागांचं लवचिक एपॉक्सी ब्रशने लावा, हीट गनने जरा ऊब दिली की ते शिवणीत छान उतरतं. लोक हेच सगळ्यात आधी करतात. त्याचं स्थान शेवटी आहे.

प्रश्न : काका, आमच्या १६ फुटीला मागची फळी, जिथे मोटर लागते ती, स्क्रू-ड्रायव्हर घातला तर केकसारखी आत जातेय. होम डेपोत प्रेशर-ट्रीटेड प्लायवूड मिळतं, ते जमिनीत पुरलं तरी कुजत नाही म्हणतात, तेच घालून एकदाच विषय संपवावा असं वाटतंय. (ट्रॉय, मिशिगन)

उत्तर : लाकूड कुजणार नाही हे खरं, पण तुमची होडी कुजेल. ट्रीटेड लाकडात तांब्याचे क्षार असतात. २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून जुनं आर्सेनिकवालं ट्रीटमेंट गेलं आणि त्याच्या जागी जे आलं त्यात तांबं आणखी जास्त आहे. ओलं तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून ठेवलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी पूड पडते आणि पत्र्याला सुईएवढी भोकं. आपल्या आया अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात लोणचं ठेवू देत नसत ना, तसंच, फक्त इथे डबा तुम्हाला तरंगवत असतो.

हे जाता जाता ट्रेलरलाही लागू आहे बरं का. होडी ज्या दोन लाकडी पट्ट्यांवर बसते त्या ट्रीटेड असतात, वर कार्पेट मारलेलं, ते कार्पेट महिनोन्महिने ओलं राहतं आणि होडीच्या तळाला तिथेच दोन रांगांत खड्डे पडतात. पट्ट्या बदलताना साधं लाकूड रंग देऊन वापरा, दोन-चार वर्षं कमी टिकेल, टिकू दे.

फळीचं काम तसं सरळ आहे, घाई केली नाही तर. मोटर उतरवा, वरची पट्टी आणि दोन्ही कोपऱ्यांवरच्या कॅप त्यांचे रिवेट काढून सोडवा, आतल्या बाजूचा तिरका आधार सोडवा. जुनी फळी शक्य तितकी अख्खी बाहेर काढा, ती कितीही सडकी असली तरी तोच तुमचा फर्मा आहे. चुराच झाला असेल तर पुठ्ठ्याचा फर्मा करा, आणि तो तळाच्या व्ही आकारात नीट बसेपर्यंत कापत राहा, लाकडाला हात लावू नका.

नवीन फळी म्हणजे पाऊण इंची मरीन प्लायचे दोन थर एपॉक्सीने चिकटवून दीड इंच. मरीन प्लाय परवडत नसेल तर चांगल्या प्रतीचं एक्स्टीरियर प्लाय चालतं, गोंद दोन्हींत पाणी सोसणारा असतो, फरक आतल्या पोकळ्यांचा. खरेदी करताना कड बघा, कडेला फटी दिसल्या तर ते शीट सोडून द्या. कापून झाल्यावर सगळीकडून एपॉक्सीचे दोन-तीन हात, आणि कडांना जास्त, कारण प्लाय पाणी पितं ते कडेने.

आता खरा मुद्दा. फळी सडते ती बोल्टच्या भोकातून. लोक कडा सुंदर सील करतात आणि मग मोटरसाठी ड्रिल मारून कोरं लाकूड उघडं टाकतात. त्यामुळे ५/१६ चा बोल्ट असेल तर आधी अर्ध्या इंचाचं भोक मारा, ते घट्ट कालवलेल्या एपॉक्सीने पूर्ण भरा, सुकू द्या, आणि मग त्या एपॉक्सीच्या मधून ५/१६ चं भोक पाडा. बोल्ट आता लाकडाला शिवतच नाही. पाणी सोडायच्या नळीचं भोकसुद्धा असंच करायचं, सगळ्यात खाली तेच असतं आणि सगळ्यात आधी तिथूनच कुजायला सुरुवात होते. बोल्ट स्टेनलेसचे, पण स्टेनलेसही अ‍ॅल्युमिनियमला सोबत म्हणून काही फार चांगलं नाही, म्हणून आटे आणि वॉशरखाली टेफ-जेल नावाचा गंजरोधक लेप किंवा सीलंट लावा.

आणि मोटर घ्यायची असेल तर फळीची उंची मोजूनच घ्या, १५ इंची असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० इंची असेल तर लाँग. फळी बाहेर आहे म्हणून उंची वाढवून घेऊ असं मनात आणू नका.

प्रश्न : मला मुलांना घेऊन जायचंय म्हणून मधला बाक कापून सपाट फ्लोअर करायचाय, बास बोटसारखा. बाकाच्या आतला फोम काढला तर ओला बोळा निघाला. तो परत भरायला हवाच का? आम्ही सगळे लाइफ जॅकेट घालतो. (नेपरविल, इलिनॉय)

उत्तर : पहिल्यांदा बाक. तो बसायला आहे हे खरं पण त्याचं मुख्य काम होडीच्या दोन बाजू एकमेकींपासून लांब आणि एकमेकींना धरून ठेवायचं आहे. पातळ पत्र्याची होडी, मधला बाक काढला की लाटेवर बाजू आत-बाहेर श्वास घेतात आणि पुढच्या सीझनला तुम्ही वरचा पहिला प्रश्न मला लिहून पाठवता. सपाट फ्लोअर हवाच असेल तर बाक तसाच ठेवून बाकांच्या मधल्या जागेत हलका फ्लोअर टाका, अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलवर, आणि खाली हात जाईल अशी झाकणं ठेवा. बाकाच्या उंचीवर डेक करून त्यावर खुर्च्या लावायचा मोह होतो, पण उभ्या माणसाचं वजन तेवढं वर गेलं की १४ फुटी होडी डुगडुगते, आणि मुलं म्हणजे मासा लागला की सगळी एका बाजूला.

फोम भरायलाच हवा, याच्यावर चर्चा नाही. लाइफ जॅकेट तुम्हाला तरंगवतं, होडीला नाही. पाणी भरलेली अ‍ॅल्युमिनियमची होडी मोटर घेऊन सरळ तळाला जाते आणि मग गार पाण्यात धरायला काही उरत नाही. २० फुटांखालच्या मोटरबोटींमध्ये बनवणाऱ्याने फोम किंवा तसं तरंगवणारं काही द्यायचंच हा नियम अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून आहे, कपॅसिटी प्लेट, म्हणजे किती माणसं आणि वजन चालेल ते सांगणारी पाटी, तीही त्याच वेळची. ती पाटी होडीवर असेल तर रंग देताना त्यावर टेप लावा, आणि तिच्यावर लिहिलेल्या माणसांमध्ये तुमची मुलं पूर्ण माणसं म्हणून धरा.

हिशोब सोपा आहे. घनफूटभर पाणी ६२ पाउंड भरतं, घनफूटभर फोमचं स्वतःचं वजन साधारण २ पाउंड, म्हणजे एका घनफुटाने ६० पाउंड उचलले जातात. तेच घनफूट पाणी पिऊन बसलं की उचलणं गेलंच, वर तुम्ही ते वजन ट्रेलरवर गावभर ओढताय. जितका फोम होता निदान तितका तरी परत घाला.

कुठला फोम, तर घराच्या इन्सुलेशनचे गुलाबी किंवा निळे एक्सपीएस (घट्ट, बिनदाण्याच्या फोमचे) बोर्ड कापून थर लावून भरणं मला सगळ्यात बरं वाटतं. पॅकिंगमध्ये येतो तो पांढरा दाणेदार थर्माकोल नको. एक्सपीएसची एकच भानगड, पेट्रोल सांडलं तर विरघळतो, म्हणून पेट्रोलची टाकी असते त्या बाकात जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. दोन बाटल्या मिसळून ओतायचा फोम दिसायला मस्त, पण थोडा थोडा ओतायचा असतो, एकदम ओतला तर फुगून बाकाचा पत्राच फुगवतो, आणि तो कोपऱ्यात घट्ट बसल्यामुळे पाण्याला वाहायला वाट राहत नाही. बोर्डाखाली बोटभर जागा सोडा. पाणी खालून मागे नळीपर्यंत गेलं पाहिजे, जुना फोम ओला झाला त्याचं कारण हेच.

प्रश्न : नमस्कार. होडी माझी नाही, नवऱ्याची आहे, पण गराज दोघांचं आहे. घराला जोडलेलं गराज, त्यातच वॉटर हीटर, वर मुलांची खोली. जानेवारीपासून माझी गाडी बर्फात आणि होडी आत. आता ते रंग काढणार, फोम ओतणार, एपॉक्सी लावणार म्हणतायत, दार बंद करून, थंडी आहे म्हणून. हे ठीक आहे का? (मिसिसागा, ओंटारियो)

उत्तर : ताई, अजिबात ठीक नाही, आणि हे उत्तर कापून फ्रिजवर लावायची परवानगी आहे.

वॉटर हीटर गॅसचा असेल आणि त्याला पायलटची, म्हणजे सतत पेटती राहणारी, ज्योत असेल तर थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यातलं काहीही बंद गराजमध्ये उघडायचं नाही, त्यांची वाफ जड असते, जमिनीलगत सरकत ज्योतीपर्यंत जाते. ओतायच्या फोममध्ये आयसोसायनेट असतात, त्याने एकदा दम्यासारखा त्रास सुरू झाला की पुढच्या वेळी थोड्याशा वासानेही होतो. एपॉक्सीचं तसंच, कातडीला एकदा अ‍ॅलर्जी बसली की ती जात नाही, म्हणून नायट्राइलचे हातमोजे, आणि हाताला लागलेलं थिनरने पुसायचं नाही, साबणाने धुवायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, दुकानात टेस्ट किट मिळतं. शिसं निघालं तर कोरडं घासणं बंद, पाणी लावून घासायचं, आणि ते कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत.

शिवाय थंडीत एपॉक्सी नीट पिकतच नाही, चिकट राहतं, त्यामुळे दार बंद करून घाई करण्यात त्यांचंही नुकसान आहे. जानेवारीत करण्यासारखं काम म्हणजे सोडवणं, मोजणं, फर्मे कापणं. बाकीचं मे महिन्यात ड्राइव्हवेवर. तुमची गाडी आत घ्या.

प्रश्न : होडीचा रंग पूर्ण उडालाय. बाहेरून घासून आरशासारखी चमकवायची, मग खाली बॉटम पेंट आणि वर मेटॅलिक निळा असा प्लॅन आहे. मित्राकडे त्याच्या मोठ्या बोटीचा उरलेला तांबडा बॉटम पेंट आहे, फुकट देतोय. रॅरिटन बेमध्ये मासेमारी, होडी रोज ट्रेलरवर घरी येते. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : फुकटचा डबा मित्राला परत करा. त्या तांबड्या रंगातलं औषध म्हणजे क्युप्रस ऑक्साइड, तांबं, आणि वर ट्रॉयवाल्यांना जे सांगितलं ते खाऱ्या पाण्यात कितीतरी पटीने वेगात होतं. मुळात तुम्हाला बॉटम पेंट लागतच नाही. तो असतो शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून, तेही जी बोट पाण्यात बांधलेली राहते तिला. रोज घरी येणाऱ्या होडीला नळाचं गोडं पाणी पुरे, पण ते मात्र रोज, आणि मोटरच्या आतूनही फिरवायचं.

आरशाचं म्हणाल तर करून बघा, पण पॉलिश केलेला पत्रा काही आठवड्यांत परत मळकट होणार. तो राखाडी थर म्हणजे घाण नाहीये, ऑक्साइडचा आहे, त्यानेच आतला धातू वाचतो. माझं ऐकाल तर रंग न देता तशीच चालवा. जुनी होडी करड्या रंगात वाईट दिसत नाही, ओरखडा पडला तर जीव जळत नाही, आणि नवीन ढिला रिवेट लगेच दिसतो. चमकवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम ब्राइटनर म्हणून जे विकतात त्यातल्या काहींत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, लेबल वाचा, तसं असेल तर घरात आणू नका, ते कातडीतून आत जातं आणि दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून नायलॉनच्या ब्रशने घासलं तरी पुष्कळ निघतं. लोखंडी वूल किंवा लोखंडी ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि गंजाचे ठिपके उठतात. कॉस्टिक सोडा असलेला रंग काढायचा पदार्थही नको, तो रंगाबरोबर पत्राही काढतो.

तरीही निळा हवाच असेल तर सगळी मेहनत रंगाखाली आहे. साबणाने तेलकटपणा काढा, स्कॉच-ब्राइटने सगळीकडे हलका खरखरीतपणा आणा, परत पुसा, आणि त्याच दिवशी सेल्फ-एचिंग प्रायमर (पत्र्याला किंचित खाऊन घट्ट धरणारा) मारा, कारण उघड्या पत्र्यावर ऑक्साइड लगेच परत धरायला लागतं आणि त्यावर मारलेला रंग पापुद्र्याने निघतो. वर साधा चांगला मरीन इनॅमल, फोमच्या रोलरने, पातळ हात. गाडीसारखा फिनिश शोधू नका.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहितोय. भाचा अमेरिकेत असतो, तो म्हणतो मामा, फायबरच्या होडीच्या नादी लागू नका, अ‍ॅल्युमिनियमची करून घ्या, आयुष्यभर बघायला नको. खाडीत गळ टाकण्यापुरती छोटी हवी आहे.

उत्तर : भाच्याचं तलावापुरतं बरोबर आहे, तुमच्या खाडीपुरतं नाही. मरीन ग्रेडचा पत्रा खाऱ्या पाण्यातही छान टिकतो, प्रश्न पत्र्याचा नाहीच. प्रश्न असा की खडकाला घासून भोक पडलं तर फायबरला तुमच्या बंदरातला कुणीही मॅट आणि रेझिन घेऊन दुपारपर्यंत ठिगळ मारून देईल, अ‍ॅल्युमिनियमला पातळ पत्रा टिग वेल्डिंगने जोडणारा हात शोधत फिरावं लागेल. शिवाय बंदरात आजूबाजूला तांब्याचे रंग, पितळेचे नट, लोखंडी साखळ्या, यातलं काय कधी होडीत येऊन पडेल सांगता येत नाही. फायबरचीच घ्या.

आता उरलेले पटापट.

सिनसिनाटीहून विचारलंय, बारीक भोक वेल्डिंगने भरून घेऊ का. जुना पातळ पत्रा वेल्ड केला की उष्णतेने शेजारच्या रिवेटचं सीलंट जळतं आणि वेल्डच्या कडेलाच नवीन चीर जाते. पत्रा फाटला असेल तरच वेल्डरकडे जा, आणि आधी आसपासचा सगळा फोम काढा, तो जळला की धूर विषारी असतो. सुईएवढ्या भोकाला दोन्ही बाजूंनी साफ करून एपॉक्सी पुरतं. भोक का पडलं ते मात्र शोधा. बऱ्याचदा तिथे एखादं शिशाचं वजन किंवा एक सेंटचं नाणं ओल्या पाल्यात वर्षानुवर्षं पडलेलं सापडतं. १९८२ च्या आधीचं सेंट तर जवळजवळ पूर्ण तांब्याचंच.

मॅडिसनहून, फुकट मिळणारी होडी घ्यावी का. कागद आहेत का ते आधी विचारा, आणि ट्रान्समच्या, म्हणजे मोटर लागते त्या मागच्या बाजूच्या, उजव्या वरच्या कोपऱ्यात १२ अक्षरी नंबर बघा. नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या होडीला तो असायलाच हवा. तो खरवडलेला दिसला तर नमस्कार करून निघा. मोटर लावलेली असेल तर तिचं खालचं टोक धरून वर-खाली हलवा आणि फळीकडे बघा, ती मोटरबरोबर हलली तर आतलं लाकूड गेलं. ट्रेलरच्या चाकांचे बेअरिंग हाताने फिरवून ऐका. फुकटच्या होडीत सगळ्यात महाग वस्तू बहुतेक वेळा ट्रेलर असते.

आणि सेंट क्लाउडच्या ज्या वाचकाला तलावावर इन्स्पेक्टरने अडवलं त्यांच्यासाठी : हो, मिनेसोटात रस्त्याने होडी नेताना पाणी काढून टाकलेलं आणि ड्रेन प्लग काढलेला असणं हा कायदाच आहे, झेब्रा मसल नावाचे उपद्रवी शिंपले एका तलावातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. प्लग काढल्यावर खिशात ठेवू नका, गाडीच्या किल्लीला अडकवा, नाहीतर रॅम्पवर होडी पाण्यात सोडल्यावर आठवतं, तेही पायाला गार लागल्यावर.